ऑपरेशननंतरची खतावणी

कुटुंबातील कोणाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा सल्ला दिला, की घरातील वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो हा : ‘ऑपरेशनला किती लागतील?’ प्रश्न स्वाभाविक आहे. आठ, दहा, बारा लाख असा एखादा आकडा समोर येतो आणि सारे घर त्या आकड्याच्या मागे लागते. मामा, मेहुणे, सासुरवाडी, भिशी, गावाकडचा प्लॉट, दागिने, समाजाची संस्था. आपल्या व्यापारी कुटुंबांत ही रक्कम उभी राहतेच, आणि बहुधा आठवड्याभरात उभी राहते. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर मी हे निःशंकपणे सांगू शकतो, की अडचणीच्या वेळी एकरकमी पैसा जमवण्यात आपल्या समाजाचा हात धरणारे थोडेच. मात्र ‘त्यानंतर दरमहा किती लागतील, आणि ते किती वर्षे?’ हा दुसरा प्रश्न फारच थोड्या घरांत विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तो दुसरा प्रश्न आहे.

यकृत, हृदय, फुप्फुसे यांचीही प्रत्यारोपणे आता होतात. परंतु आपल्या देशात सर्वाधिक प्रत्यारोपणे मूत्रपिंडाची होत असल्याने येथे हिशेब त्याचाच मांडला आहे.

हा खर्च आयुष्यभर का चालतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाचे एक मूत्रपिंड त्याचा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसवले. मूत्रपिंडाचे जगातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण ते हेच. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षे जगला आणि डॉ. मरे यांना पुढे १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या यशाचे मर्म असे, की हे दोघे एकसारखे जुळे भाऊ होते. रिचर्डच्या शरीराने भावाचे मूत्रपिंड परके मानलेच नाही. असे जुळे भावंड किती जणांना असणार? इतर कोणाचाही अवयव, मग तो जन्मदात्या आईचा का असेना, शरीराला परकाच वाटतो. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर जसा हल्ला चढवते तसाच या पाहुण्यावरही चढवते. म्हणून ती शक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते. सायक्लोस्पोरिन या औषधाला १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस हे औषध हाती आले. आज बहुतेक रुग्णांच्या चिठ्ठीवर टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही तीन नावे असतात. यांतील मात्रा पहिल्या वर्षानंतर काहीशी कमी होते, पण औषध थांबवण्याचा दिवस येत नाही. बसवलेले मूत्रपिंड चालू आहे तोवर गोळ्या चालू.

आता हिशेबाकडे वळू. व्यापारी वाचकाला एक दृष्टान्त लगेच पटेल. एखाद्याने मुदतीचे कर्ज काढून उत्तम यंत्रे आणली, शेड बांधली, उद्घाटन थाटात केले आणि कच्चा माल घेण्यास, पगार देण्यास खेळते भांडवल मात्र ठेवलेच नाही, तर तो कारखाना किती दिवस चालेल? बँकेत असताना आजारी पडलेले जे उद्योग मी पाहिले, त्यांतील बऱ्याच उद्योगांचा आजार हाच होता. प्रत्यारोपणाचे ऑपरेशन हा भांडवली खर्च आहे. गोळ्या आणि तपासण्या हे खेळते भांडवल.

सोयीसाठी काही आकडे गृहीत धरू. प्रत्येकाने आपल्या रुग्णालयाचे व औषध दुकानाचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. ऑपरेशन, दात्याच्या तपासण्या, दोघांचे रुग्णालयातील वास्तव्य असे मिळून १० लाख. त्यानंतर औषधे दरमहा १२,०००. रक्तातील औषधाचे प्रमाण व क्रिएटिनिन यांच्या तपासण्या, डॉक्टरांची फी, शहरात जाण्यायेण्याचे भाडे, अधूनमधून होणारा जंतुसंसर्ग या सर्वांचे दरमहा सरासरी ४,०००. म्हणजे महिना १६,००० आणि वर्ष १,९२,०००. जिवंत दात्याने दिलेले मूत्रपिंड पंधरा वर्षे उत्तम चालले असे धरू. काहींचे कमी चालते, काहींचे वीस वर्षांवर. औषधांची दरवाढ आणि कर वजा जाता मुदत ठेवीवर हाती येणारे व्याज ही दोन्ही साधारण एकमेकांना खाऊन टाकतात, तेव्हा आजच्या किमतीत साधा गुणाकार पुरे : पंधरा वर्षांचे २८,८०,०००. ज्या दहा लाखांसाठी सारे घर धावले, ती एकूण खर्चाची जेमतेम चौथाई निघाली.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की त्यापेक्षा डायलिसिस बरे. आठवड्यातून तीन वेळा म्हणजे वर्षाला १५६ वेळा डायलिसिस. प्रत्येक वेळचे २,००० धरले तरी ३,१२,००० होतात. रक्त वाढवणारी इंजेक्शने, रिक्षाभाडे, इतर औषधे यांचे दरमहा ६,००० मिळवले, की ३,८४,०००. म्हणजे प्रत्यारोपणानंतरच्या वार्षिक खर्चाच्या बरोबर दुप्पट. या फरकातून ऑपरेशनचे दहा लाख सव्वापाच वर्षांत भरून निघतात. शिवाय डायलिसिसचे चार तास, जाणेयेणे आणि नंतरचा थकवा धरला तर आठवड्यातील तीन दिवस दुकानाच्या कामाचे राहत नाहीत. प्रत्यारोपण झालेला माणूस दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गादीवर बसू शकतो. (भुसार किंवा अडतीचा व्यापार असेल, तर धान्याची धूळ आणि बुरशी यांपासून त्याला दूर ठेवावे लागते. त्याने गोदामाऐवजी वहीखाते सांभाळावे.) तेव्हा आर्थिक दृष्टीनेही प्रत्यारोपण लाभाचेच आहे, मात्र एका अटीवर : ते मूत्रपिंड पाच-सहा वर्षांपलीकडे टिकले पाहिजे. त्याआधी गेले, तर दहा लाखही गेले आणि दुप्पट खर्चाचे डायलिसिसही नशिबी आले. दात्याने दिलेला अवयव गेला, त्याची किंमत कोणत्या वहीत लिहावी?

ते लवकर जाण्याची वैद्यकीय कारणे अनेक असतात आणि त्यांवर मी काही लिहावे हा माझा अधिकार नव्हे. पण एक कारण सर्वस्वी आर्थिक आहे, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. आमच्या शाखेचे एक खातेदार, दोन भावांचे कापड दुकान. धाकट्याला आईने मूत्रपिंड दिले. ऑपरेशन उत्तम झाले. त्यासाठी काही पैसे नातलगांकडून आले आणि उरलेल्या आठ लाखांचे कर्ज काढले. बारा टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता होतो महिना सुमारे १७,८००. त्यात औषधपाण्याचे १६,००० मिळवा, दरमहा ३३,८००. पहिले दीड वर्ष सारे सुरळीत होते. पुढे दोन लग्नसराया मंद गेल्या आणि गल्ल्यात ओढ लागली. घरखर्च, मुलांच्या फिया, दुकानाचे भाडे, बँकेचा हप्ता, यांपैकी कशालाही हात लावता येईना. मग धाकट्याने कोणालाही न सांगता सायंकाळची मात्रा एक दिवसाआड घेण्यास सुरुवात केली. त्रास काहीच झाला नाही. दुखले नाही, खुपले नाही. महिन्याला तीन-साडेतीन हजार वाचू लागले, तेव्हा तपासणीही लांबवली. पायांवर सूज दिसली तोवर मूत्रपिंड हाती राहिले नव्हते. कर्जाचा मात्र एकही हप्ता त्यांनी चुकवला नाही. खाते शेवटपर्यंत नियमित होते.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला. हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो, भाडे थकले तर मालक दारात उभा राहतो, व्यापाऱ्याचे देणे राहिले तर बाजारात पत जाते. गोळी चुकली तर कोणाचाच फोन येत नाही. शरीर नोटीस पाठवते ती फार उशिरा. म्हणूनच ओढगस्तीत सर्वांत आधी कात्री लागते ती याच खर्चाला, आणि खरे पाहता घरातील सर्व देण्यांत तो पहिल्या क्रमांकाचा असावयास हवा.

ही चूक एखाद्या घराचीच होते असेही नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशाने ती सरकारी पातळीवर कित्येक वर्षे केली. तेथे १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या उपचाराचा भार सरकारी विमा योजनेने उचलला. डायलिसिसला मुदत नव्हती. प्रत्यारोपणाचाही खर्च मिळे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा खर्च मात्र, वयाने वृद्ध वा अन्य कारणाने अपंग नसलेल्या रुग्णांना, ऑपरेशननंतर ३६ महिनेच दिला जाई. ज्यांना पुढे औषधे परवडली नाहीत त्यांतील काहींची मूत्रपिंडे गेली, ते पुन्हा डायलिसिसवर आले, आणि त्या कितीतरी अधिक महाग उपचाराचे बिल तेच सरकार पुन्हा विनाअट भरू लागले. गोळ्यांचे पैसे वाचवून यंत्राचे पैसे भरण्याचा हा हिशेब बदलण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये कायदा करावा लागला आणि १ जानेवारी २०२३ पासून औषधांची मुदत उठली.

आपल्याकडे विम्याचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. ‘मेडिक्लेम आहे, चिंता नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. आरोग्य विम्याची नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च देते, आणि घरी आल्यानंतर ६० किंवा ९० दिवसांचा, काही पॉलिसींत १८० दिवसांचा. पुढील चौदा-साडेचौदा वर्षांच्या गोळ्या घरच्याच. दात्याचे अवयव काढण्याचे ऑपरेशन बहुतेक पॉलिसींत समाविष्ट असते, पण दात्याला नंतर उद्भवलेला त्रास सहसा नसतो. हे कलम पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचावे, एजंटाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. याउलट गंभीर आजारांची पॉलिसी निदान होताच ठरलेली रक्कम एकदम हाती देते. नियमित डायलिसिस लागणारे मूत्रपिंडाचे वैकल्य आणि प्रमुख अवयवाचे प्रत्यारोपण हे दोन्ही त्या यादीत असतात. या रकमेवर ऑपरेशनच्याच बिलाचे बंधन नसल्याने औषधांचा निधी उभारण्यास तीच खरी उपयोगी. अर्थात ती प्रकृती उत्तम असताना घ्यावी लागते. मधुमेह आणि रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणे. आणि हे दोन्ही विकार आपल्या गादीवर बसून काम करणाऱ्या समाजात किती आहेत, हे प्रत्येकाने आपल्याच घरात मोजावे. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ २०२४ च्या नियमांनी चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. तेव्हा ‘मधुमेह आहे, आता विमा काय घ्यायचा’ असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

शासकीय मदतीबाबत थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. केंद्राच्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात गरीब रुग्णांना प्रत्यारोपणोत्तर औषधांसाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत राहणाऱ्यांना १९६१ च्या कायद्यातील कलम ८० डीडीबी खाली मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन वैकल्याच्या उपचारखर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत १,००,००० रुपयांपर्यंत वजावट मिळे. विम्यातून आलेली रक्कम त्यातून वजा होते. नव्या पद्धतीत ही सवलत नाही. एकंदरीत मध्यम दुकानदार गरिबांच्या योजनेत बसत नाही आणि खर्च सोसण्याइतका श्रीमंतही नसतो. त्याने स्वतःचीच व्यवस्था केली पाहिजे.

ती व्यवस्था साधी आहे. ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी औषधांचे स्वतंत्र खाते उघडावे, रुग्ण आणि घरातील एक जबाबदार व्यक्ती यांच्या संयुक्त नावाने. त्यात निदान दोन वर्षांच्या औषधांची रक्कम, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे चार लाख, आधी बाजूला ठेवावी आणि मगच ऑपरेशनचे पैसे मोजावेत. प्लॉट विकायचाच असेल तर तो या खात्यासाठी विकावा. भागीदारीची पेढी असेल तर आजारी भागीदाराच्या औषधांची उचल किती व कोणत्या खात्यातून, हे भागीदारीपत्रात लिहून घ्यावे. भावाभावांत लिहायचे काय, असे म्हणणाऱ्यांच्याच वाटण्या मी अधिक पाहिल्या आहेत. औषध दुकानदाराचे बिल गल्ल्यातून परस्पर देण्याची सवय मोडावी. तसे केल्याने खर्च कोणाच्याच नजरेस पडत नाही आणि कपात झाली तरी कळत नाही. स्वस्त मिळते म्हणून टॅक्रोलिमसची कंपनी डॉक्टरांना न विचारता बदलू नये. या औषधाचे रक्तातील प्रमाण थोडे कमी-अधिक झाले तरी चालत नाही.

दात्यासंबंधी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. भारतात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांहून खूप अधिक आहेत आणि ते मिळणाऱ्यांत पुरुष अधिक. आई देते, पत्नी देते. कारण सांगितले जाते ते असे, की तो कमावता आहे. मग त्या कमावत्या माणसाच्या हिशेबात दात्रीच्या नावाने काही रक्कम असते काय? तिच्या वार्षिक तपासण्या, तिचा स्वतःचा स्वतंत्र आरोग्य विमा (दान करण्यापूर्वी घेतलेला, कारण नंतर अडचणी येऊ शकतात), तिच्या नावाची एखादी ठेव? १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवाचा मोबदला देणे हा गुन्हा ठरवला आहे आणि ते योग्यच आहे. पण दात्याला प्रत्यक्ष आलेला खर्च आणि बुडालेली कमाई भरून देण्यास त्याच कायद्याने मोबदला मानलेले नाही. तिच्या आरोग्याचा खर्च घराने उचलणे हे तर घराचे देणेच झाले.

आपल्या नित्यनियमांशी निगडित दोन बाबी. टॅक्रोलिमस सामान्यतः दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने आणि रिकाम्या पोटी घ्यावे लागते. चौविहार पाळणाऱ्या घरांत सायंकाळची मात्रा अडचणीची ठरते आणि पर्युषणात ती हमखास चुकते. यावर उपाय आहे : दिवसातून एकदाच घ्यावयाच्या स्वरूपातही हे औषध मिळते. ते आपल्याला चालेल काय, हे ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने बदल करू नये. दुसरी बाब कॅप्सूलच्या आवरणाची. ते बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. ज्यांच्या मनाला हे टोचते त्यांनी तो प्रश्न डॉक्टरांपुढे आणि आपल्या महाराजसाहेबांपुढे आधीच मांडावा. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी अंतःकरणात घोळ होऊन औषध थांबले, तर फार उशीर झालेला असतो. निर्जळ उपवासाचेही तेच. बसवलेल्या मूत्रपिंडाला पाणी कमी पडून चालत नाही.

शेवटी संस्थांविषयी. आपल्या समाजाच्या अनेक ट्रस्टांनी डायलिसिस केंद्रे उभारली आहेत, गावोगावी अल्प दरात ती चालतात, आणि त्यांचा मला अभिमान आहे. देणगीदाराला यंत्र दिसते आणि यंत्रावर नाव दिसते. ऑपरेशनसाठीही मदत मिळते. मासिक गोळ्यांसाठी मदत मागणारा अर्ज मात्र बहुतेक ठिकाणी कोणत्याच रकान्यात बसत नाही. वास्तविक आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत औषधदान स्पष्ट शब्दांत आहे. पंचवीस लाखांचा कायम निधी सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवला तर वर्षाला १,७५,००० व्याज येते. त्यातून एका रुग्णाच्या बारा महिन्यांच्या गोळ्यांचे १,४४,००० द्यावेत आणि उरलेले ३१,००० दरवाढीच्या तोंडमिळवणीसाठी मुद्दलात टाकावेत. एखाद्या सभागृहाच्या वातानुकूलनाला याहून अधिक लागतात. रक्कम रुग्णाच्या हाती न देता औषध दुकानदाराला थेट द्यावी आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिनचा अहवाल मागवावा. औषधेही तीन महिन्यांची एकदम द्यावीत, म्हणजे कालपर्यंत आपल्याच शेजारी दुकान चालवणाऱ्या माणसाला दर पहिल्या तारखेस ट्रस्टच्या कार्यालयाच्या बाकावर बसावे लागणार नाही.